चलनावर तीन लाख, स्क्रीनवर एक लाख वीस हजार: कम्प्युटेड कॉलम तपासायचे कसे?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी उतारा. बोलताना जिथं अडखळले तेवढं काढलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय. एक सूचना आधीच देते. कोडमधल्या नावांत जे अंडरस्कोर असतात ते मी दरवेळी उच्चारत बसणार नाही, तुम्ही ते धरून चाला.

आजचा विषय तसा कोरडा वाटेल. डेटाबेसमधले कम्प्युटेड कॉलम, आणि ते स्कीमात शोधून तपासायचे कसे. पण या कोरड्या विषयापायी एका पोराची नोकरी जाता जाता राहिली होती, म्हणून आधी तो किस्सा सांगते.

काकांचा फोन

ऑक्टोबर २०२०. मी तेव्हा खराडीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. बिल्डर लोकांना फ्लॅटचं बुकिंग, हप्ते, करारनामे सांभाळायचं सॉफ्टवेअर आम्ही देत होतो. लॉकडाउनमुळं ऑफिस बंदच, त्यामुळं काम भाड्याच्या फ्लॅटमधून, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून.

एका दुपारी आमच्या एका ग्राहकाच्या सेल्स ऑफिसमधून फोन आला. त्यांच्याकडं फ्लॅट घेतलेले एक काका भयंकर चिडले होते. साठ लाखांचा फ्लॅट, करारनाम्याची नोंदणी ऑगस्टमध्ये झालेली. स्टॅम्प ड्युटीचे तीन लाख भरलेले, चलन हातात. (शहरातले अधिभार मी इथं बाजूला ठेवतेय, फक्त मुख्य शुल्काचा आकडा धरू.) आणि आता आमच्या सॉफ्टवेअरमधून निघालेल्या स्टेटमेंटवर स्टॅम्प ड्युटी दिसत होती एक लाख वीस हजार. काकांचा प्रश्न सरळ होता: "वरचे एक लाख ऐंशी हजार कुणाच्या खिशात गेले?"

आता बघा, चलनाचं काम सेल्स ऑफिसमधला एक तरुण मुलगा बघायचा. संशय त्याच्यावरच गेला. त्याला सांगितलं गेलं, चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नकोस. आणि मला सांगितलं गेलं, सिस्टीममध्ये तो आकडा कुणी आणि कधी बदलला ते शोध.

मी शोधायला लागले. त्या ओळीवरची 'शेवटचा बदल' ही तारीख ऑगस्टचीच. बदलांची नोंद ठेवणारा ट्रिगर होता, त्यात काहीही नाही. त्या मुलाच्या लॉगिनवरून कुठलाही अपडेट नाही. कुणाच्याच लॉगिनवरून नाही! आकडा तर बदललाय, पण बदलणारा कुणीच नाही. सगळ्यात विचित्र म्हणजे जुन्या बुकिंगच्या इतर चार-पाच ओळी उघडून पाहिल्या, तर तिथंही ड्युटी घटलेली.

दीड दिवस गेला त्यात. मग एका सीनियर सरांनी फोनवर विचारलं, "अगं, तो कॉलम खरा आहे का, हे बघितलंस का?"

खरा कॉलम आणि हिशेबाचा कॉलम

सरांच्या बोलण्याचा अर्थ सांगते. टेबलातले बहुतेक कॉलम खरे असतात. तुम्ही जे भरता ते डिस्कवर लिहिलं जातं आणि वाचताना तेच परत मिळतं. कम्प्युटेड कॉलमचं तसं नाही. तिथं तुम्ही किंमत भरत नाही, सूत्र देता. आमच्याकडं सूत्र होतं, कराराची किंमत गुणिले ०.०५. ओळ वाचली की डेटाबेस तिथल्या तिथं गुणाकार करून आकडा समोर ठेवतो. क्वेरी लिहिणाऱ्याला दोन्ही कॉलम अगदी सारखे दिसतात. नाव तसंच, आकडे तसेच. फरक कळतो तो फक्त स्कीमा तपासल्यावर.

आता त्या वर्षी काय झालं होतं ते आठवा. कोविडमुळं थंडावलेल्या घरबाजारासाठी महाराष्ट्र सरकारनं मुद्रांक शुल्क तात्पुरतं कमी केलं. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात तीन टक्क्यांनी कमी, म्हणजे शहरी भागात पाचाचे दोन टक्के. त्यापुढं ३१ मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांनी कमी, म्हणजे तीन टक्के. आमच्या टीममधल्या कुणीतरी ३१ ऑगस्टच्या रात्री सूत्रातले ०.०५ काढून ०.०२ केले. नवीन बुकिंग करून पाहिलं, आकडा बरोबर आला, सगळे झोपायला गेले.

जुनी बुकिंग कुणी पाहिलीच नाहीत. त्यांच्या ओळींना कुणी हातही लावला नव्हता, म्हणून त्यांच्या तारखा बदलल्या नाहीत आणि ट्रिगरही चालला नाही. पण सूत्र बदलल्याबरोबर ऑगस्टच्या, जुलैच्या, त्याआधीच्या प्रत्येक ग्राहकाची स्टॅम्प ड्युटी एका क्षणात दोन टक्क्यांवर आली. कागदावरचा इतिहास तसाच राहिला, स्क्रीनवरचा मात्र बदलला.

डेटाबेसलाच विचारायचं

मग हे शोधायचं कसं? रिलेशनल डेटाबेसची एक सुंदर गोष्ट आहे. तो स्वतःबद्दलची माहितीसुद्धा टेबलांतच ठेवतो. एडगर कॉड यांनी १९८५ साली रिलेशनल डेटाबेससाठी जे नियम मांडले, त्यातला चौथा नियम हाच: डेटाबेसचं वर्णनही साध्या डेटासारखं असावं आणि त्याच भाषेत त्याला प्रश्न विचारता यावेत. म्हणजे फ्लॅट शोधायला जी सिलेक्ट क्वेरी लिहिता, तीच कॉलम शोधायला चालते.

आमच्याकडं एसक्यूएल सर्व्हर होता, म्हणून त्याच्यापासून सुरू करते. तिथं 'सिस डॉट कम्प्युटेड कॉलम्स' नावाचा कॅटलॉग व्ह्यू आहे. डेटाबेसमधल्या प्रत्येक कम्प्युटेड कॉलमची त्यात एक ओळ असते. बघायच्या गोष्टी तीन: कॉलमचं नाव, 'डेफिनिशन' म्हणजे सूत्र, आणि 'इज परसिस्टेड' म्हणजे उत्तर डिस्कवर साठवलंय की नाही. 'ऑब्जेक्ट आयडी' वापरून 'सिस डॉट टेबल्स'शी जॉइन केलं की टेबलाचं नावही मिळतं. पाच ओळींची क्वेरी, आणि अख्ख्या डेटाबेसची यादी समोर.

आणि हो, 'सिस डॉट टेबल्स'मध्येच 'मॉडिफाय डेट' असते. ती ओळींची तारीख नव्हे, टेबलाच्या रचनेत शेवटचा बदल कधी झाला त्याची. आमच्या बुकिंगच्या टेबलावर तिथं होतं ३१ ऑगस्ट, रात्रीची वेळ. दीड दिवस मी ओळींच्या तारखा बघत होते. बघायला हवी होती टेबलाची.

दोन चुका बरेच जण करतात, मीही केल्या. पहिली म्हणजे 'इन्फर्मेशन स्कीमा'मधल्या 'कॉलम्स' या व्ह्यूवर विसंबणं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तिथं कॉलम दिसतो, पण तो कम्प्युटेड आहे हे कळतच नाही. दुसरी म्हणजे 'एसपी हेल्प'वर थांबणं. तो कॉलमपुढं 'कम्प्युटेड: येस' एवढं सांगतो, सूत्र सांगत नाही. आणखी एक: तुमच्या लॉगिनला 'व्ह्यू डेफिनिशन'ची परवानगी नसेल तर डेफिनिशन नल येते. तेव्हा 'सूत्रच नाही' असं समजू नका, डीबीएकडून परवानगी मागा.

सूत्र वाचताना

यादी मिळाली की खरं काम सुरू होतं, म्हणजे वाचायचं. डेफिनिशन बघून पहिल्यांदा गोंधळ होतो, कारण तुम्ही लिहिलेलं सूत्र सर्व्हर जसंच्या तसं ठेवत नाही. नावांना चौकोनी कंस, आकड्यांना गोल कंस लावतो. 'कास्ट' लिहिलं असेल तर त्याचं 'कन्व्हर्ट' करतो, 'बिट्वीन'चं मोठं-किंवा-समान आणि लहान-किंवा-समान अशा दोन अटींत रूपांतर करतो. त्यामुळं गिटमधली स्क्रिप्ट आणि डेटाबेसमधलं सूत्र अक्षराला अक्षर लावून जुळवू नका, अर्थ जुळवा.

मी वाचताना चार गोष्टी बघते.

एक, सूत्रात उघडा आकडा आहे का. ०.०५, ३००००, १८ असं काही दिसलं की थांबायचं. डेफिनिशनमध्ये अंक शोधायला साधा 'लाइक' पुरतो. काही निरुपद्रवी ओळी येतील, जसं राउंड करताना दिलेला २, पण त्या नजरेनं गाळता येतात.

दोन, डेटाटाइप. कम्प्युटेड कॉलमचा टाइप तुम्ही ठरवत नाही, सूत्रावरून ठरतो. किंमत बारा अंकी, दोन दशांश असेल आणि तिला ०.०५ ने गुणलं, तर उत्तराला चार दशांश स्थळं येतात. मग बेरजेत पैशाचा फरक का पडतो म्हणून अकाउंटवाले विचारत बसतात. त्याहून वाईट म्हणजे कुणी कंसात ५ भागिले १०० असं लिहिलं, तर दोन्ही पूर्णांक असल्यामुळं उत्तर शून्य! सगळ्या फ्लॅटना ड्युटी माफ.

तीन, फंक्शन. कम्प्युटेड कॉलमला दुसऱ्या टेबलातून थेट काही आणता येत नाही. म्हणून लोक स्वतःचं फंक्शन लिहितात, जे दरांच्या टेबलातून दर आणतं, आणि ते सूत्रात बसवतात. मग डेफिनिशनमध्ये फक्त फंक्शनचं नाव दिसतं, खरं सूत्र आत दडलेलं. ते उघडून वाचावंच लागतं. शिवाय असं टेबल वाचणारं फंक्शन असलं की कॉलम परसिस्टही होत नाही, त्यावर इंडेक्सही बनत नाही, आणि त्या टेबलावरच्या क्वेरी समांतर चालायच्या बंद होतात. एखादा रिपोर्ट विनाकारण हळू झालाय असं वाटलं तर इथंही एकदा डोकावा.

चार, नल. सूत्रातला एक जरी कॉलम नल असला तरी बेरीज-गुणाकाराचं उत्तर नल येतं. तो आकडा स्टेटमेंटवर रिकामा दिसतो आणि एकूण बेरजेतून गुपचूप गळतो.

परसिस्टेड म्हणजे जपलेलं नव्हे

इथं एक गैरसमज काढून टाकते, कारण आमच्या मीटिंगमध्येही तो निघाला. कुणीतरी म्हणालं, "कॉलम परसिस्टेड केला असता तर जुने आकडे राहिले असते." नाही. परसिस्टेड म्हणजे उत्तर डिस्कवर साठवलं जातं, वाचताना दरवेळी हिशेब होत नाही, एवढंच. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कम्प्युटेड कॉलमचं सूत्र जागच्या जागी बदलताही येत नाही. कॉलम काढून नव्यानं घालावा लागतो, आणि नव्यानं घातला की सगळ्या ओळींचा हिशेब नव्या सूत्रानं होतो. परसिस्टेड असता तरी ऑगस्टचे काका सप्टेंबरच्या दरातच गेले असते.

इतर डेटाबेसमध्ये

तुमच्याकडं एसक्यूएल सर्व्हर नसेल तर थोडक्यात सांगते.

पोस्टग्रेसमध्ये यांना जनरेटेड कॉलम म्हणतात. २०१९ च्या बाराव्या आवृत्तीत ते आले, तेव्हा फक्त साठवलेला प्रकार होता. २०२५ च्या अठराव्या आवृत्तीपासून वाचताना हिशेब करणारा व्हर्च्युअल प्रकारही आलाय आणि काही न सांगितल्यास तोच धरला जातो. इथं मात्र इन्फर्मेशन स्कीमा कामाला येतो: 'इज जनरेटेड' आणि 'जनरेशन एक्स्प्रेशन' हे दोन कॉलम बघा. आणि सतराव्या आवृत्तीपासून सूत्र जागेवर बदलता येतं. म्हणजे आमच्यासारखी चूक करणं तिथं आता एका ओळीचं काम आहे, तेव्हा सांभाळून.

मायएसक्यूएलमध्ये ५.७ पासून ही सोय आहे. इन्फर्मेशन स्कीमाच्या 'एक्स्ट्रा' या कॉलममध्ये 'व्हर्च्युअल जनरेटेड' किंवा 'स्टोअर्ड जनरेटेड' असं दिसतं. पण नुसतं 'जनरेटेड' शोधाल तर फसाल. आठव्या आवृत्तीत 'डिफॉल्ट जनरेटेड' असंही येतं, आणि ते फक्त डिफॉल्ट किमतीबद्दल असतं, उदाहरणार्थ आजची वेळ आपोआप भरणारा कॉलम.

ओरॅकलमध्ये 'यूजर टॅब कॉल्स'मध्ये 'व्हर्च्युअल कॉलम' येस असेल ते बघा, सूत्र 'डेटा डिफॉल्ट'मध्ये असतं. तिथं 'सिस एनसी'नं सुरू होणारी अनोळखी नावं दिसली तर घाबरू नका. फंक्शनवर आधारित इंडेक्स बनवला की ओरॅकल स्वतःच असे लपलेले कॉलम तयार करतो.

आणि मोबाइल ॲपवाल्यांसाठी एसक्यूलाइट. तिथं नेहमीचं 'टेबल इन्फो' जनरेटेड कॉलम दाखवतच नाही, 'टेबल एक्स इन्फो' विचारावं लागतं.

सूत्र कुठं शोभतं आणि कुठं नाही

मग काय, कम्प्युटेड कॉलम वापरायचेच नाहीत? तसं अजिबात नाही. त्याच टेबलात आमचा आणखी एक कम्प्युटेड कॉलम होता: चटई क्षेत्र चौरस मीटरमधून चौरस फुटांत, गुणिले १०.७६४. तो आजही तसाच असेल, आणि असावा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. हे कुठल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत बदलणार नाही.

म्हणून सूत्रात उघडा आकडा दिसला की मी एकच प्रश्न विचारते: हा आकडा बदलायचा अधिकार कुणाला आहे? कुणालाच नसेल तर खुशाल सूत्रात ठेवा. जीआर काढून कुणी बदलू शकत असेल तर तो सूत्रात नको. स्टॅम्प ड्युटीचा दर, नोंदणी फी एक टक्का पण कमाल ३०,००० रुपये, बांधकाम सुरू असलेल्या फ्लॅटवरचा जीएसटी, हे सगळे दुसऱ्या प्रकारातले. तो जीएसटीसुद्धा १ एप्रिल २०१९ ला बदललाच होता ना!

दर वेगळ्या टेबलात, 'कधीपासून-कधीपर्यंत' अशा तारखांसह ठेवायचे. आणि नोंदणीच्या दिवशी जी रक्कम भरली ती खऱ्या कॉलममध्ये लिहून टाकायची. कारण चलनावरचा आकडा हा हिशेब राहत नाही, ती घडून गेलेली गोष्ट असते. घडून गेलेली गोष्ट परत मोजायची नसते.

कुणी म्हणेल, सूत्रातच तारखेची अट घालू, सप्टेंबरपासून दोन, जानेवारीपासून तीन. आम्हीही आधी तेच करणार होतो. पण त्या सवलतीत ३१ डिसेंबरपर्यंत शुल्क भरून सह्या केलेला दस्त पुढच्या चार महिन्यांत नोंदवायची मुभा होती. म्हणजे नोंदणी फेब्रुवारीची, दर मात्र डिसेंबरचा. अट नोंदणीच्या तारखेवर लावली असती तर हवेलीच्या दुय्यम निबंधकाकडचा कागद एक आणि आमची स्क्रीन दुसरंच सांगत बसली असती. पुढं १ एप्रिल २०२१ पासून महिलांच्या नावावरच्या घराला एक टक्का सवलत आली. तेव्हा खरेदीदार कोण, हाही प्रश्न सूत्रात शिरला असता. किती अटी घालणार?

शेवटी काय झालं

त्या संध्याकाळी मी सूत्राचा स्क्रीनशॉट, टेबलाची मॉडिफाय डेट आणि दहा जुन्या ग्राहकांचे चलनाचे आकडे असं एका पानावर लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो मुलगा कामावर आला. पुढचा आठवडाभर त्यानं आणि मी मिळून जुनी स्कॅन केलेली चलनं उघडून खरे आकडे नव्या कॉलममध्ये भरले. तो वाचायचा, मी टाइप करायचे, मग अदलाबदल करून तपासायचो. त्यानं एकदाच विचारलं, "मॅडम, हे आधी दिसत नव्हतं का?" मी म्हटलं, "दिसत होतं. कुणी विचारलं नव्हतं."

काकांना मी स्वतः फोन केला. कम्प्युटेड कॉलम समजावायला सुरुवात केली, तर ते म्हणाले, "ते तुमचं तुम्ही बघा हो, मला लेटरहेडवर बरोबर स्टेटमेंट पाठवा." त्यांचं बरोबरच होतं. पाठवलं.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या डेटाबेसमधल्या सगळ्या कम्प्युटेड कॉलमची यादी काढा. जिथं उघडा आकडा आहे तिथं तो कोण बदलू शकतं, हे समोर लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे. यादीत काही धक्कादायक सापडलं तर कंपनीचं नाव न घेता मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.